सरकवलेला पत्रा

"बसा ना बाई, उभ्या का आहात?"

आप्पांनी असं विचारलं आणि आक्का खोलीच्या दारातच थबकली. हातात पिठलं-भाकरीचा डबा, खांद्याला पिशवी. तिनं मागं वळून पाहिलं. वाटलं, आपल्या मागून कोण नर्सबिर्स आली असेल. मागं कोणी नव्हतं.

"कुणाला म्हणताय?"

"आपल्यालाच. मुलांना भेटायचं असेल तर ती खाली गेली आहेत. येतील इतक्यात. पाणी घ्या."

आणि आप्पा उठले. काठी न घेता, भिंत न धरता उठले, टेबलापाशी गेले, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि तिच्यापुढं धरलं. थेंब सांडला नाही.

आक्कानं पेला घेतला नाही. लग्न झाल्यापासून या माणसानं तिला कधी पाणी दिलं नव्हतं. पाणी आण म्हटलं होतं, पाणी गार का म्हटलं होतं, पाण्याला एवढा वेळ का म्हटलं होतं. आणि आजारपणात तर तिनंच चमच्या-चमच्यानं पाजलं होतं. आता हेच 'बाई' म्हणतात, पोस्टाच्या रांगेतल्या बाईला म्हणावं तसं. आणि भाषा तरी कुठली ही? जयसिंगपुरात जन्म काढलेला माणूस 'आहात' आणि 'इतक्यात' कधीपासून बोलायला लागला?

"मी कोण हाय?" तिनं विचारलं.

आप्पा तिच्याकडं नीट बघत राहिले. तोंडावर खरीखुरी अडचण. "क्षमा करा. आपली ओळख झाल्याचं मला आठवत नाही."

डबा टेबलावर आदळला. आक्का जिन्याकडं निघाली. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिच्यात नव्हता.

आक्का म्हणजे जयसिंगपूरच्या 'हणमंत मंडप डेकोरेटर्स'ची खरी मालकीण. पाटीवर नाव नवऱ्याचं, कामाला जीव हिचा. कनाती, गाद्या, सतरंज्या, पितळी हंडे, शेगड्या, सगळा कारभार तिच्या तोंडावर. शाळेची पायरी दोन-तीन वर्षं चढली असेल नसेल. पण कोणाच्या लग्नात किती पराती गेल्या आणि किती परत आल्या, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं, पोटची पोरंसुद्धा.

आप्पांना झटका आला तेव्हा मेंदूची डावी बाजू गेली. उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा बसली. पूर्वी अशा माणसाला खाटेवर पडून दिवस काढावे लागायचे. आता तशी वेळ कोणावर येत नव्हती. करंगळीच्या नखाएवढी चकती कवटीखाली बसवायची. तिला म्हणायचे जोडमेंदू. मेलेल्या भागाचं काम ती करायची. पाय उचल, घास गीळ, शब्द जुळव, हे हुकूम ती सोडायची. शिवाय मरत्या भागात ज्या आठवणी साठलेल्या असत, त्याही बसवतानाच ओढून तिच्यात भरून घ्यायच्या. नाहीतर माणूस चालायचा खरा, पण कुठं जायचं ते विसरलेला असायचा.

चकत्या बसवणाऱ्या केंद्रातल्या सानिका मॅडमनी पहिल्याच दिवशी हे चित्र काढून दाखवलं होतं. चकतीत जागा ठरलेली. मध्ये एक आडभिंत. अलीकडं चालक राहतो, म्हणजे शरीर चालवणारी सगळी व्यवस्था. पलीकडं आठवणी. आणि भिंतीला खेटून एक छोटी कुलपाची खोली, काही बिघडलं तर मागं जाता यावं म्हणून अडीनडीचं सामान ठेवायला.

"म्हणजे आमचं गोडाऊन," आक्का म्हणाली होती. "हिकडं रोजचा माल, तिकडं सणासुदीचा. मधी पत्रा."

"अगदी तसंच," मॅडम हसल्या होत्या.

पण गोडाऊनमध्ये माल वाढला तर मालक नवं गोडाऊन बांधतो. कवटी काही वाढत नाही. आणि चालक मात्र वाढत चालला. दरवर्षी कंपनी त्याची नवी आवृत्ती काढायची, ती आधीच्यापेक्षा लठ्ठ. यंत्र सुधारत जातं म्हणतात; मग त्याचं बिऱ्हाड का वाढत जातं, हे कोणी सांगत नाही. आप्पांचा जुना चालक काठी, चमचा आणि दोन-चार शब्द यांपुढं कधी गेला नव्हता. शेवटी कंपनीनं कळवलं, जुन्या चालकाची देखभाल आता बंद. चालला तर चालला. घास चुकीच्या नळीत गेला तर जबाबदारी तुमची.

म्हणून पत्रा सरकवायचं ठरलं. ते काम नुसतं ढकलून होत नाही. पलीकडच्या आठवणी आधी दाबून, रचून एका कोपऱ्याला न्यायच्या, पत्र्याजवळची जागा रिकामी करायची, मगच पत्रा पुढं घ्यायचा. आणि सगळं मावत नसेल तर काहीतरी टाकून द्यायचं. काय टाकायचं ते घरच्यांनी पडद्यासमोर बसून सांगायचं.

त्या दिवशी आक्का शिरोळच्या लग्नात मंडप उभा करत होती. लग्नसराई काय कोणाच्या मेंदूसाठी थांबत नाही. पडद्यासमोर बसली दोन्ही पोरं. मुलगा धैर्यशील, धंद्याचं फोनबिन बघणारा, आणि मुलगी गीतांजली, इचलकरंजीला दिलेली.

ती दोघं खाली कँटीनमध्ये सापडली. चहा पीत होती, खुशीत.

"आक्का, बघितलास का आप्पांना?" धैर्यशील उठला. "काठी सुटली! आणि बोलतात कसे, खणखणीत!"

"बोलतात की. मला बाई म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे मला वळखत न्हाईत! काय टाकलंसा रे तुमी त्यांच्या डोक्यातनं? घरातली अडगळ म्हणून मलाच काढलंसा व्हय?"

गीतांजलीचा चेहरा पडला. "असं कसं होईल? तुझं नाव तर मी पहिलं घातलं. 'वैजयंता म्हेत्रे, सगळं ठेवा'. पडद्यावर हिरवी खूण आली."

"हिरव्या खुणेवर माझा संसार सोडून च्या प्यायला आलीस!"

सानिका मॅडमच्या खोलीत तिघं शिरली ती अशीच, पुढं आक्का आणि मागं दोन अपराधी. मॅडमनी यंत्र उघडलं, बराच वेळ बघितलं आणि चष्मा काढून ठेवला.

"वैजयंता या नावाखालच्या सगळ्या आठवणी राखल्या आहेत. पण त्या फारच थोड्या आहेत. लग्नात भटजींनी नाव पुकारलं ते. मतदानाच्या खोलीत एकदा. दवाखान्यात एकदा."

"बास? आनि बाकीचं?"

"यंत्र आठवणी नावानं लावतं, आक्का. आप्पांच्या डोक्यात ज्या माणसाला जे नाव, त्या नावाखाली. त्यांच्या आईच्या, मित्रांच्या, गिऱ्हाइकांच्या आठवणी नीट लागल्या. तुमच्या लागल्या नाहीत. तुम्हाला ते काय म्हणायचे?"

काय म्हणायचे? अगं. ए. ऐकलं का. कुठं उलथलीस. लग्नात सासूनं तांदळात काढलेलं 'वैजयंता' हे नाव त्यांनी त्या दिवशी वाचलं असेल तेवढंच. पाहुण्यांनी उखाण्यासाठी धरलं तर लाजून मांडवाबाहेर पळाले होते. तोंडानं नाही ते नाही, मनातसुद्धा कधी घेतलं नाही. त्यांच्या घराण्यात बायकोला नाव घेऊन हाक मारणारा बाईलवेडा ठरायचा. तिनंही कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं; पण पोरांचे आप्पा म्हणून त्यांची सोय झालेली होती.

"मग ज्यांना नाव नाही, त्या आठवणी कुठं गेल्या?" गीतांजलीनं विचारलं.

"बेवारस म्हणून एकत्र झाल्या. पहिल्यांदा त्याच काढल्या जातात. तुम्ही जागा मागितलीत, यंत्रानं तोच ढीग उचलला."

"थांबा जरा," आक्का म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की गोडाऊनमधली माणसं कामाला लागायची. "आमच्या दारात कुत्रं होतं. मोत्या. ते आठवतंय काय त्यास्नी?"

मॅडमनी पाहिलं. "हो. मोत्या आहे."

"कुत्र्याला नाव होतं म्हणून कुत्रं ऱ्हायलं! आनि मी, त्यांची उष्टी काढली, पोरं काढली, धंदा काढला, मी बेवारस! ह्या कंपनीत एक तरी बाई हाय का न्हाई, जिचा नवरा तिला अगं म्हणतो? एकीच्या तरी ध्यानात यावं!"

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "कोणाच्या लक्षात आलं नाही, हे खरं आहे."

"आता परत आणता येत नाही का?" धैर्यशीलनं विचारलं.

येत होतं. तीच तर पंचाईत होती. काढलेलं अजून नष्ट झालेलं नव्हतं. कुलपाच्या मधल्या खोलीत पडून होतं. पण नव्या चालकाला ती खोलीही लागणार होती. संध्याकाळी केंद्र बंद होताना तो तिथं पसरायला सुरुवात करणार. त्याआधी सगळं होतं तसं पलीकडं ठेवायचं, तर पत्रा मागं न्यावा लागेल. पत्रा मागं गेला की नवा चालक मावणार नाही. जुना बसवावा लागेल. म्हणजे पुन्हा काठी, पुन्हा चमचा, पुन्हा दोन शब्दांसाठी घामाघूम.

"मोत्याला काढा," आक्का म्हणाली. "सासूला काढा. ती वरती गेली तरी माझ्या डोक्यावर बसून हाय."

"ते सगळं काढलं तरी पुरणार नाही. तुमचा ढीग फार मोठा आहे, आक्का. सगळ्यांत मोठा."

हे ऐकून तिचा राग क्षणभर थांबला, आणि मग दुप्पट झाला. सगळ्यांत मोठा ढीग! एवढं सगळं त्या माणसाच्या डोक्यात होतं, आणि तोंडावर कधी एक अक्षर आलं नाही.

"मागं घ्या पत्रा," ती म्हणाली. "जुनंच बसवा."

"आक्का!" गीतांजली उसळली. "काय बोलतेस तू? आप्पा आज स्वतःच्या पायांनी संडासला गेले. लाजेनं मेले होते ते इतके दिवस. तुला वळखावं म्हणून त्यांना परत लुळं करायचं?"

"तू मला सांगतीस? ते उचलायला कोण होतं? तू हुतीस?"

"नव्हते मी. पण खरं सांग, तुला त्यांचं दुःख आहे का तुझा मान दुखावलाय?"

धैर्यशीलनं बहिणीचा हात दाबला. आक्कानं लेकीकडं असं बघितलं की मॅडमनी खुर्ची मागं घेतली. तिला मान हवा होता, हो. आणि तिला तो माणूसही हवा होता, ज्यानं तिला एकदा भर पंगतीत परातीवरून शिवी दिली होती आणि त्याबद्दल पुढं जन्मभर, माफी न मागता, परात स्वतः उचलायला लागला होता. त्या शिवीचा राग अजून तिच्या पोटात होता. आता तो कोणावर काढायचा? ज्यानं केलं, तोच कोरा.

"त्यास्नी कुणी इचारलं का?" ती शेवटी म्हणाली. "डोकं त्यांचं. तुमी दोघांनी खुणा केल्या, मी पत्रा मागं घ्या म्हणतीया, कंपनी पुढं घ्या म्हणती. ज्याचं गोडाऊन त्याला कुणी इचारलं?"

ती एकटीच वर गेली. आप्पा खिडकीत उभे होते. खाली रस्त्यावर बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते, उजव्या, डाव्या, परत उजव्या. पोरासारखं. तिला पाहिल्यावर सावरून उभे राहिले.

"मी तुमची बायको," आक्का म्हणाली. गोड करून सांगायची तिला सवय नव्हती. "तुमच्या डोक्यातनं मला काढलंय. चुकून. परत घालता येतंय. पण घातलं तर पाय जाईल आनि वाचा जाईल, होती तशी. न्हाई घातलं तर मी जाईन. काय करायचं?"

आप्पांनी सगळं ऐकलं. खुर्चीचा हात धरला.

"आपण माझ्या पत्नी आहात, हे मुलांनी सांगितलं असतं तर मी मघाशी तसं वागलो नसतो."

"ते ऱ्हावू द्या. इचारलंय त्याचं सांगा."

"आपलं कसं होतं? चांगलं होतं?"

इथं खोटं बोलली असती तर काम झालं असतं. "भांडत हुतो," आक्का म्हणाली. "रोज."

आप्पा उजव्या पायाकडं बघत राहिले. पाय त्यांनी हळूच उचलला, टेकवला.

"मला चालायचं आहे," ते म्हणाले. "माफ करा. मला जे आठवतच नाही त्याच्यासाठी पाय देणं मला जमणार नाही."

आक्काच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तोंडात शंभर शब्द आले. हा माणूस, हा हणमंत म्हेत्रे, तिच्यापुढं तिचा सौदा करत होता आणि वर सभ्यपणे माफी मागत होता! पण विचारलं तिनंच होतं. विचारून उत्तर नाकारायचं, ते त्यांनी तिच्याशी जन्मभर केलं होतं. तिला ते करायचं नव्हतं.

"चाला मग," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं. काच हादरली.

खाली मॅडमनी एक गोष्ट सुचवली. थोडी फट शिल्लक आहे. एखादी आठवण त्यात बसेल. आक्कांनी निवडावी. लग्नाची, मुलांच्या जन्माची, कोणतीही.

"एक?"

"एकच बसेल."

"पन्नास हंड्यांतला एक हंडा ठिवून काय करू? त्याला बघून बाकीचे कुठं गेले म्हणून इचारतील रोज. नको. आनि दया नको. सगळं तरी द्या न्हाईतर काय नको."

"आक्का, असं तोडू नकोस," गीतांजली रडायला लागली होती. "माझं चुकलं."

"रडू नको. तोंड धू." आक्कानं पदरानंच तिचं नाक पुसलं, जरा जोरातच. मग मॅडमकडं वळली. "आनि ह्याच्याम्होरं? म्होरल्या वर्षी पत्रा आणखी सरकला, मी परत बेवारस?"

"नाही. आता तुमच्या चेहऱ्याला नाव लावून ठेवते. यापुढचं सगळं तुमच्या नावावर जमा होईल."

"लावा. आनि ती खोली पुसा. माझ्यादेखत."

पुसायला काही वेळ लागला नाही. पडद्यावर एक पट्टी सरकली आणि संपली. एवढा मोठा ढीग, जायला एवढाच वेळ. आक्का बघत राहिली. आता ते सगळं फक्त तिच्या डोक्यात होतं, आणि तिचं डोकं साधं होतं, बिनचकतीचं.

घरी आल्यावरचे दिवस भयंकर गेले. आप्पा चहा झाला की म्हणायचे, "उत्तम झाला आहे." कपबशी स्वतः विसळायचे. ती खोलीत आली की उठून उभे राहायचे. शेजारीण म्हणायची, आक्का, तुझं नशीब फळलं. आक्काला वाटायचं, हिच्या डोक्यात पाट घालावा. ते शब्द त्यांचे नव्हतेच. नव्या चालकाची ती सोय होती: माणूस बोलायला गेला की यंत्र तयार वाक्य पुढं करायचं, कोणाला न दुखावणारं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. यासाठी लागली होती ती जागा! याच्यासाठी तिला बाहेर काढलं होतं!

ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. जेवायला वाढायची आणि निघून जायची.

उदगावच्या लग्नाचा माल निघायचा होता त्या दिवशी आप्पा पहिल्यांदा गोडाऊनवर आले. चालत आले, एकटे. टेम्पो भरत होता. आक्काचा राग त्या दिवशी वरच होता, नेहमीच्या शिस्तीतही तिचं लक्ष नव्हतं. नव्या मखमली कनातीच्या घड्या खाली गेल्या आणि वर लोखंडी खांब चढायला लागले.

"वैजयंताबाई," आप्पा म्हणाले. पोरांनी पढवलं होतं. "खांब वर ठेवणं कदाचित योग्य ठरणार नाही."

चूक तिलाही दिसली होती. तेवढ्यानंच ती पेटली. "ठिवणार. वरच ठिवणार. चढवा रे!"

"आपण पुन्हा एकदा विचार करावा, अशी विनंती आहे."

"इनंती घाला चुलीत. तुमचं काय जातंय? तुमी पाव्हणे. उत्तम च्या प्या आनि बसा खुर्चीवर!"

हमालांनी माना खाली घातल्या. खांब चढला. मखमलीवर गंज ओढत गेला, चर्रर आवाज झाला. आप्पांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी तोंड उघडलं, यंत्रानं बहुतेक काहीतरी पुढं केलं, पण ते बाहेर आलं नाही. ओठ एका बाजूला वाकडा झाला. आजारपणात व्हायचा तसा.

"ए... ए बया!" शब्द लाळेतनं, अडखळत, जाडाभरडा बाहेर पडला. "फ... फाटंल की कापड! अक्कल कु... कुठं गहाण टाकलीस!"



डॉक्टर लोकांना हे माहीत असतं. ज्याची वाचा गेली त्यालाही शिवी देता येते. नीटस बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूचं. रागाचा शब्द उजव्या बाजूनंही उठतो, आणि आप्पांची उजवी बाजू धडधाकट होती. तिथं कंपनीची चकती नव्हती, पत्रा नव्हता. आक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं, की हे वाक्य कोणी पुढं केलेलं नाही. हे ह्यांचं ह्यांनी काढलंय.

तिनं पदर कमरेला खोचला.

"फाटू दे! माझं कापड हाय, मी फाडीन!"

"त... तुझं?"

"माझं! माझ्या पैशाचं, माझ्या घामाचं! इचारा गावाला!"

"ग... गप! खांब खाली घ्या रे! ही ब... बाई येडी हाय!"

"येडी हाय म्हणून तर टिकली तुमच्यात!"

हमाल एकमेकांकडं बघायला लागले, खांब उतरवावा का ठेवावा. धैर्यशील आतनं धावत आला. आप्पा हात उडवत होते, दोन्ही हात, आणि शब्दासाठी झगडत होते. हे सगळं आत्ता त्यांच्या डोक्यात जमा होत चाललं होतं, पत्र्याच्या पलीकडच्या त्या शिल्लक फटीत, तिच्या नावावर. आक्काला ते माहीत होतं.

म्हणून तिनं आवाज आणखी चढवला.